खेळीची पारख

बीचपासून तांबरमपर्यंत विजेची गाडी धावू लागली ती १९३१ साली. त्यानंतर सहा वर्षांनी, १९३७ साली, मद्रास ख्रिश्चन कॉलेज शहराच्या गजबजाटातून उठून येथल्या झाडीत येऊन वसले. या दोन गोष्टींनी तांबरम या गावाचे उपनगर झाले. पोटापाण्याच्या निमित्ताने आम्हां काही मराठी माणसांची बिऱ्हाडे येथे पडली, तीही याच लोहमार्गाच्या आधाराने. सायंकाळच्या गाडीत पूर्वी माणसे वर्तमानपत्रे उघडून बसत. आता शाळकरी मुले हातातील फोनवर बुद्धिबळे मांडून बसतात. ज्या शहराने विश्वनाथन आनंद आणि दोम्मराजू गुकेश असे दोन जगज्जेते दिले, त्या शहरात याचे नवल वाटावयाचे कारण नाही.

आमच्या इमारतीत दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा आहे. गेल्या वर्षी एका लहानशा स्पर्धेतून तो डाव जिंकून घरी आला. घोड्याचा बळी देऊन त्याने प्रतिपक्षाचा राजा उघड्यावर ओढला होता आणि पुढे थोड्याच खेळ्यांत मात केली होती. वडिलांनी तो डाव यंत्राला घातला. यंत्राने घोड्याच्या त्या खेळीपुढे दोन प्रश्नचिन्हे उमटविली आणि बाजूला आकडा दाखविला : उणे साडेतीन. वडील म्हणाले, “म्हणजे तू जिंकला नाहीस, समोरचा हरला.” मुलगा जिंकलेला डाव पुढे घेऊन रडत बसला. मी सहज गेलो होतो. मला पाहून त्याने विचारले, “मामा, यंत्र खोटे बोलते का?”

त्या वेळी मला चटकन उत्तर देता आले नाही. यंत्र खोटे बोलत नव्हते हे मला कळत होते; वडिलांचे वाक्य मात्र खरे नव्हते, हेही कळत होते. या दोहोंमधील अंतर शोधू लागलो, तेव्हा ते एका लहान मुलाच्या डावापुरते नाही असे दिसून आले. माणसाच्या खेळीची पारख कोणी करावी आणि कोणत्या मापाने करावी, या प्रश्नाला बराच जुना इतिहास आहे. आणि त्या इतिहासात हे आमचे मद्रास शहर वारंवार भेटते.

आपल्या देशी खेळात खेळाचे मोल ठरविण्याची एक निराळीच रीत होती. प्रतिपक्षाची सारी मोहरी संपून त्याचा राजा एकटा उरला की ती ‘बुर्जी’. तिला पुऱ्या विजयाचा मान मिळत नसे. वजिराने किंवा हत्तीने मात केली तर ती नेहमीची मात. परंतु प्याद्याने मात केली, तर ती सर्वांत श्रेष्ठ. हरणारा तिन्ही वेळा हरलेलाच असे. पण जिंकणाऱ्याने किती अवघड वाट धरली होती याचा हिशेब समाज ठेवीत असे. आजोबांच्या ओसरीवर बसून ज्यांनी हा खेळ पाहिला आहे, त्यांना ‘प्यादेमात’ म्हणताना खेळणाराच्या आवाजात येणारा दिमाख आठवेल. बिकटपणाला किंमत देणारे हे एक माप होते, आणि ते आपले होते.

याच्या जोडीला दुसरे माप होते ते शास्त्र्यांचे. पैठणहून काशीस गेलेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठभट्टांनी सतराव्या शतकात लिहिलेल्या ‘नीतिमयूखा’त बुद्धिबळाचे विवेचन आले आहे, चौसष्ट घरांतून घोडा एकेकदाच कसा फिरवावा, हेही त्यात सांगितले आहे. पुढे १८१४ साली तिरुवेंकटाचार्य शास्त्री या दाक्षिणात्य पंडिताचा बुद्धिबळावरील ग्रंथ, मूळ संस्कृतावरून इंग्रजीत उतरवून आणि युरोपीय खेळाच्या पद्धतीस जुळवून, मुंबईत छापला गेला. पैठणचा विद्वान काशीत आणि दक्षिणेचा पंडित मुंबईत, असा या विद्येचा प्रवास आपल्या देशात फार पूर्वीपासून चालत आला आहे. या ग्रंथांतील कूटांचे वैशिष्ट्य असे की त्यांना उत्तर असते. अमुक खेळ्यांत मात होते किंवा होत नाही. मध्ये मताला जागा नाही. येथे परीक्षक कोणी माणूस नसून स्वतः पटच असतो.

परंतु खेळला जाणारा डाव कुटासारखा नसतो. त्यात उत्तर आहे की नाही हे खेळणाऱ्याला ठाऊक नसते. अशा जिवंत डावाची कसून तपासणी करण्याचा आपल्या देशातील एक जुना प्रयत्न मद्रासेत झाला. मद्रास आणि हैदराबाद या दोन शहरांत पत्राने दोन डाव खेळले गेले होते. मद्रासचे गुलाम कासिम आणि मद्रास मुलकी नोकरीतील जेम्स कॉक्रेन या दोघांनी ते डाव, आणि त्यांच्या जोडीला ‘म्युझिओ गँबिट’ या प्रारंभाची फोड, १८२९ साली मद्रासेतच पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. या प्रारंभात पांढरा आपला घोडा मरू देतो आणि त्या मोबदल्यात काळ्या राजावर झडप घालतो. त्यातील एक फाटा आजही जगभरच्या पुस्तकांतून गुलाम कासिमच्या नावाने ओळखला जातो. आजची यंत्रे या बळीकडे साधारणतः संशयाने पाहतात. काळ्याने अचूक बचाव केला तर काळ्याची बाजू वरचढ, असा त्यांचा कौल पडतो. तर मग गुलाम कासिम चुकला असे म्हणावयाचे काय? समोर जिवंत प्रतिस्पर्धी आहे, त्याला अचूक बचाव बसल्या जागी शोधावा लागणार आहे, हे त्याने गृहीत धरले होते. ते गृहीत यंत्राच्या हिशेबात नाही.

असाच अन्याय सुलतान खान याच्या वाट्यास येऊ शकतो. पंजाबातील हा खेळाडू देशी नियमांवर वाढला. त्या खेळात प्यादे पहिल्या खेळीस दोन घरे चालत नसे. युरोपीय प्रारंभांची पुस्तके त्याने वाचलेली नव्हती. तरीही १९२९, १९३२ आणि १९३३ साली त्याने ब्रिटनचे विजेतेपद मिळविले, आणि १९३०–३१ च्या हेस्टिंग्ज येथील स्पर्धेत कापाब्लांकासारख्या माजी जगज्जेत्याचा पराभव केला. आंतरराष्ट्रीय संघटनेने त्याला सन्माननीय ग्रँडमास्टर पदवी दिली ती २०२४ साली, त्याच्या मृत्यूनंतर कित्येक दशकांनी. त्याचे डाव यंत्रात घातले तर प्रारंभीच्या खेळ्यांवर प्रश्नचिन्हे पडतील. ज्याला वाट कोणी दाखविली नाही आणि जो तरीही मुक्कामास पोचला, त्याच्या वाटेतील ठेचांचे मोल वाट माहीत असलेल्याच्या ठेचांइतकेच धरावे काय, असा प्रश्न इतिहासकाराला पडला पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे खेळाला संघटित रूप आले. १९५५ साली आंध्रातील एलुरू येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तेव्हा रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या यांनी विजेतेपद वाटून घेतले. मद्रासचे मॅन्युएल आरन १९६१ साली भारताचे पहिले आंतरराष्ट्रीय मास्टर झाले. १९७२ साली त्यांनीच येथील सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रात ताल याच्या नावाचे मंडळ उभे केले, आणि बाल आनंद तेथेच खेळू लागला. त्या काळी खेळीची पारख म्हणजे डाव संपल्यावर दोघांनी पुन्हा पट मांडणे, भोवती जमलेल्या जाणत्यांनी बोटे घालणे, आणि ‘येथे तू काय पाहिलेस?’ असे एकमेकांस विचारणे. परीक्षक चुकत असत. पण काय विचारावयाचे हे त्यांना कळत असे.

यंत्राचा प्रवेश या कथेत होतो तो एका गणिताने. अमेरिकन गणिती क्लॉड शॅनन याने १९५० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात यंत्राने बुद्धिबळ कसे खेळावे याची रूपरेषा मांडली. वजिराचे मोल ९, हत्तीचे ५, उंट व घोडा यांचे प्रत्येकी ३ आणि प्याद्याचे १ धरून, त्यात मोहऱ्यांच्या मोकळेपणाचा व प्याद्यांच्या दुबळ्या जागांचा हिशेब मिळवावयाचा, आणि प्रत्येक स्थितीला एक आकडा द्यावयाचा, ही त्यातील कल्पना. आज आमच्या मुलांच्या फोनवर दिसणारा ‘उणे साडेतीन’ याच कुळातला. प्याद्याच्या शतांशाने मोजणारा हा तराजू जन्मला तो यंत्राने स्वतः खेळावे म्हणून. माणसाच्या डावावर न्याय देण्याचे काम त्याच्याकडे मागाहून आले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

प्रारंभी माणूसच यंत्राचा परीक्षक होता. १९९६ साली फिलाडेल्फियात कास्पारोव्हने ‘डीप ब्लू’ या यंत्राला ४–२ असे हरविले. १९९७ च्या मे महिन्यात न्यूयॉर्क येथे, सेकंदाला सुमारे वीस कोटी स्थिती तपासणाऱ्या त्याच यंत्राने ३½–२½ अशी परतफेड केली. या सामन्यातील दुसरा डाव आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोधप्रद आहे. यंत्राने समोर दिसणारी प्यादी न घेता शांतपणे पट आवळणारी खेळी केली. अशी खेळी माणसालाच सुचेल, असा संशय कास्पारोव्हच्या मनात शिरला. पुढे त्याने डाव सोडून दिला. आणि नंतरच्या तपासणीत असे निघाले की त्या अखेरच्या स्थितीत वजिराच्या शहांनी बरोबरी साधण्याची वाट मोकळी होती. म्हणजे शेवटी यंत्रही चुकले होते आणि माणूसही. यंत्राच्या आधीच्या एका खेळीने माणूस इतका दबला होता की ही चूक त्याला दिसूच शकली नाही. पहिल्या डावाच्या शेवटी यंत्राने हत्तीची एक निरर्थक खेळी केली होती. ती आज्ञावलीतील बिघाडामुळे झाली, असे यंत्राच्या कर्त्यांपैकी एकाने पुढे सांगितले. खेळीमागे गहन बुद्धी आहे की बिघाड, हे नुसत्या खेळीवरून ओळखता येत नाही.

दुसऱ्याच वर्षी आपल्या आनंदची ‘रेबेल’ या यंत्राशी इस्किया येथे गाठ पडली. एकूण निकाल ५–३ असा यंत्राच्या बाजूने लागला. पण त्याची फोड पाहावी. अतिजलद चार डावांत यंत्राने ३–१ अशी आघाडी घेतली; त्याहून सावकाश दोन डावांत १½–½. स्पर्धेतल्या पुऱ्या वेळेच्या दोन डावांत मात आनंदनेच १½–½ अशी बाजी मारली. घड्याळातील मिनिटे बदलली की श्रेष्ठ कोण याचे उत्तर बदलले. माणसाची खेळी वेळेसकटच तोलावी लागते, ही गोष्ट या आठ डावांनी स्पष्ट केली. आता तो काळही सरला आहे. पुढच्या दहा वर्षांत यंत्रे इतकी पुढे गेली की कोणत्याही वेळेच्या खेळात माणसाने त्यांच्याशी झुंजावे असे उरले नाही.

आणि येथेच परीक्षकाची जागा बदलली. २००६ साली लुब्लियाना येथील गिड आणि ब्राट्को या दोन संशोधकांनी स्टाइनिट्झपासून क्रामनिकपर्यंतच्या जगज्जेत्यांचे अजिंक्यपदाच्या सामन्यांतील डाव ‘क्राफ्टी’ या यंत्राला तपासावयास दिले. प्रत्येक डाव बाराव्या खेळीपासून घ्यावयाचा, माणसाची खेळी आणि यंत्राला सर्वोत्तम वाटलेली खेळी यांतील अंतर काढावयाचे, आणि त्याची सरासरी मांडावयाची. सर्वांत कमी चूक निघाली कापाब्लांकाची. सर्वांत अधिक स्टाइनिट्झची. निष्कर्ष ऐकताच आक्षेप उठले. पहिला आक्षेप असा की परीक्षक यंत्र स्वतःच जगज्जेत्यांहून दुबळे; दुबळ्याने बलवानाची चूक कशी काढावी? संशोधकांनी पुढे त्याला उत्तरही दिले. परंतु दुसरा मुद्दा अधिक खोल होता, आणि तो त्या दोघांनी स्वतःच नोंदविला होता. कापाब्लांकाचे डाव सोप्या, स्वच्छ स्थितींकडे वळणारे. तेथे चुकण्यास वाव थोडा. ज्याने जाणूनबुजून रानात शिरणे पत्करले त्याच्या अंगावरचे ओरखडे, आणि सडकेने चालणाऱ्याच्या अंगावरचे ओरखडे, हे एकाच मापाने मोजले तर सडकेने चालणाराच नेहमी निपुण ठरेल. म्हणून स्थितीची गुंतागुंत मोजण्याचाही त्यांनी प्रयत्न केला.

या वाटेने आणखी पुढे गेले ते अमेरिकेतील बफेलो विद्यापीठाचे केनेथ रीगन. हे गणिती स्वतः आंतरराष्ट्रीय मास्टर आहेत. त्यांनी प्रश्नाची मांडणीच बदलली. सर्वोत्तम खेळी कोणती एवढ्यावर न थांबता, अमुक बळाच्या खेळाडूला ती सापडण्याचा संभव किती, हे ते विचारतात. वरवर पाहता उत्तम दिसणारी आणि खोल गेल्यावर फसणारी खेळी हा सापळा. त्यात पडणे आणि उघड्या खड्ड्यात पडणे या दोन चुका सारख्या नव्हेत. २०२० साली तयार झालेल्या ‘माया’ या यंत्राने तर निराळाच मार्ग धरला. सामान्य खेळाडूंच्या असंख्य डावांवरून ते शिकले, आणि अमुक पातळीचा माणूस येथे काय खेळेल हे सांगू लागले. एका अर्थी या साऱ्या शोधांनी आपल्या आजोबांची प्यादेमातच गणिताच्या भाषेत परत आणली आहे. वाट किती बिकट होती, हे विचारल्यावाचून मोल ठरत नाही.

यंत्राचा आकडा म्हणजे अंतिम सत्य, ही समजूतही इतिहासाला मान्य होण्यासारखी नाही. पटावर दोन्ही राजे धरून सात मोहरी उरली की मग सत्य पूर्णपणे ठाऊक आहे. ती कोष्टके मॉस्को विद्यापीठात २०१२ साली पुरी झाली. त्याच्या पलीकडे यंत्र सांगते तो अंदाज असतो. माणसाच्या अंदाजाहून कितीतरी चांगला, पण अंदाजच. २०१७ साली ‘अल्फाझीरो’ या यंत्राने केवळ नियम शिकून, स्वतःशीच खेळून, ‘स्टॉकफिश’ या त्या वेळच्या अग्रगण्य यंत्राविरुद्ध शंभर डावांपैकी २८ जिंकले आणि उरलेले बरोबरीत सोडविले. एकही गमावला नाही. कालचा न्यायाधीश आज आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला.

आता या शहरात घडलेला एक प्रसंग सांगतो. २०१३ च्या नोव्हेंबरात आनंद आणि कार्लसन यांचा अजिंक्यपदाचा सामना चेन्नईतच झाला. नवव्या डावात आनंदने काळ्या राजावर सर्वस्व पणास लावून हल्ला चढविला होता. काळ्याचे प्यादे शेवटच्या घरात पोचून वजीर झाले आणि पांढऱ्या राजास शह बसला. मध्ये उंट घातला असता तर डाव पुढे चालला असता. अठ्ठाविसाव्या खेळीस आनंदने घोडा घातला, आणि काळ्याच्या एकाच उत्तरानंतर डाव सोडून दिला. त्या क्षणी हातात फोन घेतलेल्या शाळकरी पोरालादेखील ती घोडचूक असल्याचे ‘कळले’. जगज्जेत्याला न दिसलेले त्याला दिसले; पण ते त्याने पाहिले नव्हते, त्याला दाखविले गेले होते. त्या खेळीचे माप यंत्राने अचूक दिले. परंतु मागे पडलेल्या माणसाने आपल्या गावात, आपल्या लोकांपुढे, बरोबरीची सुखाची वाट सोडून हा धोका का पत्करला, हे त्या मापात कोठेच नव्हते.

याची दुसरी बाजू २०२४ साली सिंगापुरात दिसली. गुकेश आणि डिंग लिरेन यांचे तेरा डावांनंतर ६½–६½ असे समान गुण होते. चौदाव्या डावात गुकेशजवळ एक प्यादे अधिक होते. यंत्रे मात्र डाव बरोबरीचा असल्याचे सांगत होती. अठरा वर्षांचा हा मुलगा खेळत राहिला. पंचावन्नाव्या खेळीस डिंगने हत्तींची अदलाबदल देऊ केली. तिच्यामागोमाग कोपऱ्यात सापडलेला उंटही बदलून घेता येतो आणि प्याद्यांचा अंतिम डाव जिंकतो, हे गुकेशने हेरले. १२ डिसेंबर रोजी तो जगज्जेता झाला. काही जणांनी म्हटले, डिंगच हरला. ते ऐकताना मला आमच्या शेजाऱ्यांचे वाक्य आठवले. शून्य आकड्याच्या स्थितीत तासन् तास प्रतिपक्षाला प्रश्न घालीत राहणे, ही देखील खेळी आहे. तिच्यापुढे उद्गारचिन्ह उमटवील असे यंत्र अद्याप माझ्या पाहण्यात नाही.

यंत्रे बाजूला ठेवावीत असे मला म्हणावयाचे नाही. सप्रे यांच्या पिढीला असा गुरू मिळाला असता तर ती कोठवर गेली असती, याची कल्पना करून मन हळहळते. सत्यापासून आपण किती दूर राहिलो हे सांगणारा इतका निःपक्षपाती साक्षीदार माणसाला पूर्वी कधी लाभला नव्हता. पण साक्ष आणि न्याय या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. साक्षीदाराने अंतर सांगावे. वाट किती अंधारी होती, हाती किती वेळ होता, पूर्वी कोणी वाट दाखविली होती काय, आणि समोरचा कोण होता, हे विचारून न्याय द्यावयाचा तो माणसाने.

परवा मी त्या मुलाकडे पुन्हा गेलो. त्याच्यापुढे गुलाम कासिमचा फाटा मांडला आणि सांगितले की हे आपल्याच गावच्या एका माणसाने सुमारे दोनशे वर्षांपूर्वी छापले. पांढरी मोहरी मी घेतली. फोन त्याच्या वडिलांच्या खिशात ठेवावयास लावला. काळ्याचा बचाव शोधण्यात मुलाने अर्धा तास घालविला, आणि तरीही त्याच्या राजाची वाट लागली. मग फोन बाहेर निघाला. यंत्राने माझ्या बाजूस उणे आकडा दाखविला. मुलगा प्रथमच त्या आकड्याकडे पाहून हसला आणि वडिलांना म्हणाला, “अप्पा, आता तुम्ही काळ्याकडून बसा.” वडील बसले. त्यांनाही तो बचाव सापडला नाही.